कालव्यावरच्या नावा आणि नावेवरची मुले



सातवीच्या भूगोलाच्या तासाला एका मुलीने विचारले, "मुरैना जिल्ह्यातून चंबळची एवढी मोठी नहर जाते, तिच्यात नाव का चालत नाही?" प्रश्न लहान होता, पण त्याचे उत्तर एका तासात मावले नाही. म्हणून या अंकाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही तोच विषय घेतला आहे. पालकांनीही हा लेख वाचावा. विश्वस्त मंडळींनी तर जरूर वाचावा, कारण पुढे शाळेच्या दाखल्याचा एक मुद्दा आला आहे.

आधी शब्दाविषयी. आपल्या ग्वाल्हेरकडे सगळेच 'नहर' म्हणतात. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्याही तोंडी नहरच येते. मराठी पुस्तकात मात्र 'कालवा' असतो, आणि शेताला पाणी देणारा लहान कालवा असला तर 'पाट'. परीक्षेत कालवा लिहावे, घरी काहीही म्हणावे.

आता उत्तर. चंबळचा कालवा कोटा येथील बंधाऱ्यापासून निघतो आणि राजस्थानातून आपल्या श्योपुर, मुरैना, भिंड जिल्ह्यांपर्यंत येतो. तो शेतीसाठी आहे. शेतापर्यंत पाणी वाहत जावे म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. उतारावरून नाव जाईल, पण परत कशी येणार? नावेच्या कालव्याला याच्या अगदी उलट पाणी हवे असते. ते जवळजवळ स्थिर हवे, म्हणजे दोन्ही दिशांनी सारख्याच कष्टात जाता येते. हे दोन्ही एकत्र साधण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला. प्रोबी कॉटली यांनी बांधलेला आणि १८५४ मध्ये सुरू झालेला गंगेचा कालवा सिंचनासाठीही होता आणि नावांसाठीही. रुडकीजवळ सोलानी नदीवर त्याचा जो प्रचंड जलसेतू आहे, तो आजही पाहायला मिळतो. परंतु कालव्याचा उतार जास्त ठरला, पाण्याला वेग आला, आणि वरच्या अंगाला येणाऱ्या नावांचे हाल झाले. पुढे कालवा शेतीचाच राहिला.

स्थिर पाण्याच्या कालव्यात चढ आला तर काय करायचे, हा पुढचा प्रश्न. तिथे 'लॉक' बांधतात. लॉक म्हणजे इथे कुलूप नव्हे, ही पाण्याची पायरी आहे. दोन्ही टोकांना भक्कम दारे असलेला एक चिंचोळा हौद असतो. नाव खालून आत आली की मागचे दार लावायचे आणि वरचे पाणी हळूहळू आत सोडायचे. हौद भरतो, पाण्याबरोबर नाव वर उचलली जाते, मग पुढचे दार उघडून ती वरच्या पातळीवर निघून जाते. उतरताना हेच उलट्या क्रमाने. इंग्लंडमधल्या एका अरुंद लॉकमध्ये नाव एकदा चढवायला एक लाख लिटरहून अधिक पाणी लागते. उन्हाळ्यात आपल्या मोहल्ल्यात येणारा टँकर पाच हजार लिटरचा धरला तर वीसहून अधिक टँकर झाले. म्हणून नावेच्या कालव्यांना सर्वांत उंच जागी पाण्याचे तलाव बांधून ठेवावे लागतात.

इंग्लंडचे नाव काढले ते सहज नाही. नावांचे कालवे हॉलंडमध्ये, फ्रान्समध्ये, चीनमध्येही आहेत आणि चीनचे तर फार जुने आहेत. पण सात फूट रुंदीच्या नावेत आख्खा संसार मांडून पिढ्यान् पिढ्या जगलेली माणसे आम्हांला वाचनात भेटली ती इंग्लंडच्या कालव्यांवर. रुंदी सात फूटच का, तर जेम्स ब्रिंडले या कालवा बांधणाऱ्याने १७६० च्या दशकात आपले लॉक साधारण बहात्तर फूट लांब आणि सात फूट रुंद ठरवले म्हणून. हौद जेवढा, नाव तेवढीच. या नावांना 'नॅरोबोट' म्हणजे अरुंद नाव असे नाव पडले. हा ब्रिंडले स्वतः जेमतेम लिहू शकत असे. अवघड प्रश्न पडला की तो अंथरुणात पडून राहून डोक्यातच हिशेब सोडवत असे. (विद्यार्थ्यांनी यातले अंथरुणात पडून राहणे तेवढे उचलू नये.)

कालवे कशासाठी खणले? मुख्यतः कोळशासाठी. मँचेस्टरजवळ वर्स्ली येथे ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या कोळशाच्या खाणी होत्या. त्याचा कालवा १७६१ मध्ये मँचेस्टरच्या दिशेने सुरू झाला आणि त्या शहरात कोळशाची किंमत जवळपास निम्म्यावर आली. खराब रस्त्यावर एक घोडा जेमतेम टनभर माल गाडीतून ओढतो. तोच घोडा कालव्याच्या काठाने चालत दोराने पंचवीस-तीस टनांची नाव ओढतो. एकदा नाव हलली की स्थिर पाणी फार विरोध करत नाही.

वर्स्लीला कालवा खाणीच्या आतही गेला होता. जमिनीखालच्या कालव्यांची एकूण लांबी वाढत वाढत सुमारे शेहेचाळीस मैल झाली. त्या अंधारात चालणाऱ्या नावा अवघ्या साडेचार फूट रुंद होत्या आणि त्यांच्या आतल्या लाकडी फासळ्या उघड्या दिसत. त्यावरून लोक त्यांना 'स्टार्व्हेशनर' म्हणत, म्हणजे उपाशी नाव. खाणीतून येणाऱ्या लोहाच्या गंजामुळे तिथले पाणी नारिंगी रंगाचे होते.

आणखी एक विचित्र प्रकार उत्तरेकडे, एअर अँड काल्डर कालव्यावर होता. विल्यम बार्थोलोम्यू या अभियंत्याने १८६० च्या दशकात लोखंडी चौकोनी डबे बनवले. प्रत्येकात सुमारे चाळीस टन कोळसा मावे. आगगाडीसारखे एकामागे एक जोडून ते पाण्यावरून ओढून नेत. गूल बंदरात मोठा पाळणा एकेक डबा पाण्यातून उचलून जहाजात पालथा करी. या डब्यांना 'टॉम पुडिंग' म्हणत. हे काम १९८० च्या दशकापर्यंत चालू होते.

बोगद्यांचे वर्णन तर मुलांना नेहमी आवडते. पुष्कळ जुन्या बोगद्यांत घोड्याला चालायला काठ ठेवलेला नसे. मग घोड्याला सोडून डोंगरावरून पलीकडे नेत, आणि हे काम बहुधा घरातल्या मुलाकडे असे. इकडे दोन माणसे नावेच्या पुढच्या भागावर आडव्या फळ्या टाकून त्यांवर उताणी झोपत आणि बोगद्याच्या भिंतींवर पावले टाकत टाकत नाव पुढे ढकलत. म्हणजे माणसे झोपलेली आणि पाय चाललेले! स्टँडेजचा बोगदा सव्वातीन मैलांचा आहे, १८११ मध्ये पुरा झाला. भरलेली नाव अशा रीतीने पार न्यायला तीन तास लागत.

आता अकरावीच्या विज्ञान शाखेसाठी दोन गोष्टी. कालव्याच्या वापराबद्दल मालाच्या वजनावर कर असे. पंचवीस टन कोळसा तराजूत कोण घालणार? नाक्यावरचा कारकून एक मोजपट्टी घेऊन येई आणि नावेची कड पाण्यापासून किती इंच वर आहे ते चार ठिकाणी मोजून सरासरी काढी. मग त्या नावेच्या तक्त्यात पाहून टन सांगे. हा आर्किमिडीजच होता, हातात पट्टी घेतलेला. नाव सत्तर फूट लांब, सात फूट रुंद आणि ढोबळमानाने चौकोनी धरा. ती एक इंच खाली गेली तर किती घनफूट पाणी बाजूला सरते? एका घनफुटाचे वजन सुमारे ६२.४ पौंड घेऊन गुणाकार करा. उत्तर एका टनाच्या थोडे पुढे येईल. नावेची टोके निमुळती असतात हे लक्षात घेतले की इंचाला एक टन हा नावाड्यांचा आडाखा बरोबर बसतो.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडमधल्या युनियन कालव्यावरची. जॉन स्कॉट रसेल हा तरुण अभियंता १८३४ च्या ऑगस्ट महिन्यात नावांच्या वेगावर प्रयोग करत होता. दोन घोड्यांनी ओढलेली नाव एकदम थांबली. पण नावेच्या पुढे साचलेले पाणी थांबले नाही. सुमारे तीस फूट लांब आणि फूट-दीड फूट उंच अशी एकच गुळगुळीत लाट तासाला आठ-नऊ मैल वेगाने निघाली. रसेलने घोड्यावर बसून तिचा पाठलाग केला. एक-दोन मैल गेल्यावर कालव्याच्या वळणांत ती दिसेनाशी झाली, पण तोवर तिने आपला आकार सोडला नव्हता. त्याच्या काळातल्या मोठ्या गणितज्ञांना हे पटायला जड गेले. १९६५ मध्ये अशा लाटेला 'सॉलिटॉन' हे नाव मिळाले, आणि पुढे काचतंतूंतून प्रकाशाचे संदेश पाठवण्याच्या अभ्यासात तिचे गणित उपयोगी पडले. याच युनियन कालव्याला २००२ पासून फॉलकर्क येथे एक फिरते चाक जोडले आहे. ते नावांना पाण्याच्या टाकीसकट उचलून दुसऱ्या कालव्यावर ठेवते. चाकाच्या दोन टोकांना दोन टाक्या आहेत. एकीत नाव आहे आणि दुसरीत नुसते पाणी, तरी दोन्हींचे वजन सारखेच भरते. का, ते वरच्या परिच्छेदावरून सांगता आले पाहिजे.

आता माणसांकडे येऊ.

सुरुवातीच्या काळात नावाडी पुरुष असत, त्यांची बायकामुले गावात घरी असत. १८४० नंतर आगगाडी पसरली, कालव्यांना आपले भाडे उतरवावे लागले, आणि नावाड्याची मजुरी घटली. घराचे भाडे परवडेना, हाताखाली गडी ठेवणे परवडेना. मग बायको गड्याच्या जागी आली आणि मुलेही नावेवर आली. नावेच्या मागच्या टोकाला सुमारे दहा फूट लांब, सात फूट रुंद अशी एकच खोली. तिच्यात शेगडी, भिंतीतून खाली पडणारे टेबल, दिवसा दुमडून ठेवायचा आडवा पलंग. त्यात आई-बाप आणि चार-पाच मुले. बाकीची साठ फूट जागा मालाची, तिच्यावर यांचा हक्क नाही. तरी त्या खोलीच्या दारांवर आणि पाण्याच्या बादल्यांवर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवलेले असत, पितळी कड्या रोज घासून चकचकीत ठेवलेल्या असत. ही 'गुलाब आणि किल्ले' चित्रकला आज संग्रहालयांत जपलेली आहे. त्या नावेवर कधी किल्ला नव्हता आणि बाग तर नव्हतीच.

मुले घोड्याबरोबर चालत. लॉकची दारे उघडत. दहा-बारा वर्षांचे मूल सत्तर फुटी नाव पुलाखालून इंचभरही न घासता काढी. कुठल्या लॉकला दाराची फळी सैल आहे, कुठल्या वळणावर गाळ आहे, हे त्यांना शेकडो मैल पाठ असे. अशा मुलांना अडाणी म्हणायला आमची जीभ धजत नाही. पण त्यांना अक्षर येत नव्हते, आणि बापाच्या हातात दिलेल्या कागदावर काय लिहिले आहे ते घरात कुणालाच वाचता येत नसे.

या मुलांची बाजू जॉर्ज स्मिथ याने लावून धरली. हा गृहस्थ स्वतः नवव्या वर्षापासून वीटभट्टीवर डोक्यावरून चिखल वाहत असे. त्याने आधी वीटभट्टीवरच्या मुलांसाठी लढा देऊन १८७१ मध्ये कायदा घडवून आणला, मग कालव्यांकडे वळला. १८७५ मध्ये त्याने नावेवरच्या लोकांविषयी पुस्तक लिहिले. त्यात आकडे फुगवलेले होते आणि नावाड्यांच्या स्वभावाविषयीही त्याने बरेच कठोर लिहिले. त्या लोकांना ते आवडले नाही, आणि त्यांचा राग आम्हांला समजतो. परंतु संसद जागी झाली ती त्याच्यामुळेच. १८७७ चा कायदा झाला. प्रत्येक राहती नाव नोंदवायची, एका खोलीत किती माणसे राहू शकतात ते ठरवायचे, आणि मुलांना शाळेत घालायचे.

कोणत्या शाळेत? इथे कायदा अडला. नाव ज्या गावी नोंदली असेल, त्या गावची शाळा ही त्या मुलाची शाळा, असे ठरले. कागदावर मुलाला पत्ता मिळाला. पण नाव आज बर्मिंगहॅमला, चार दिवसांनी लंडनला, आणि नोंदणीच्या गावी वर्षातून कधीतरी एखादी रात्र. त्या गावच्या शाळेला तो मुलगा दिसतच नसे. ज्या गावात तो खरोखर माल उतरवेपर्यंत दोन दिवस असे, त्या गावची शाळा म्हणे, हा आमचा नाही. शिवाय दोन दिवसांसाठी आलेल्या, कोळशाने माखलेल्या मुलाला वर्गात मागे बसवले तर त्याला काय शिकवायचे हे मास्तरांनाही कळत नसे. १८८४ मध्ये कायदा सुधारून तपासनीस आणि वार्षिक अहवाल आले. खोल्यांची स्थिती सुधारली, पण शाळेचा प्रश्न बराचसा तिथेच राहिला.

ज्यांना काही जमले त्यांनी शाळाच पाण्याजवळ नेली. १९३० मध्ये लंडनच्या पश्चिमेला 'एल्सडेल' नावाच्या एका मोठ्या नावेतच वर्ग भरवला गेला. नावा माल भरण्यासाठी रांगेत थांबल्या की तेवढे तास मुले येऊन बसत. पाठ्यक्रम पुरा करण्याचा प्रश्नच नव्हता. एखादे मूल 'क' पर्यंत येऊन जाई आणि परत उगवे तेव्हा पुन्हा 'अ' पासून. पुढे १९५० च्या दशकात बर्मिंगहॅमकडे नावेवरच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. तिथे मुले शिकली, पण आई-बापांपासून दूर राहून. स्टोक ब्रुअर्न गावात मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या, सगळे त्यांना सिस्टर मेरी म्हणत. लॉकजवळच्या त्यांच्या घरात नावेवरच्या बाळंतिणी, भाजलेली मुले, हात चिरडलेले नावाडी येत. सुरुवातीची अनेक वर्षे औषधपाण्याचा खर्च त्या स्वतःच करत. १९६२ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

विश्वस्त मंडळींसाठी मुद्दा हाच. आपल्या शहरात इमारतींच्या कामावर येणारी कुटुंबे चार महिने इथे तर चार महिने दुसरीकडे असतात. महाराष्ट्रातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, त्या याच अडचणीतून. सत्राच्या मध्येच टी.सी. न घेता एखादे मूल आपल्या कार्यालयात आले की आपल्याकडेही पहिला प्रश्न कागदाचा निघतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे, की सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना टी.सी. यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. हे कलम नेमके कुणाला किती बांधते याची चर्चा बैठकीत करता येईल. आम्ही मात्र कार्यालयाला सांगून ठेवले आहे की मुलाला आधी वर्गात बसवावे, कागदाचा पत्रव्यवहार मागाहून करावा. यावर काहींचे मत वेगळे आहे, ते आम्हांला ठाऊक आहे. तो ठराव म्हणून यावा अशी आमची विनंती आहे.

असो. पुन्हा कालव्यावर जाऊ, कारण अजून सहल राहिली आहे.

१९३९ च्या जुलै महिन्यात एल. टी. सी. रोल्ट नावाचा एकोणतीस वर्षांचा अभियंता आणि त्याची नुकतीच लग्न झालेली पत्नी अँजेला 'क्रेसी' नावाच्या जुन्या मालवाहू नावेत घर करून बॅनबरीहून निघाले. नावेत पुस्तकांची कपाटे होती आणि चक्क आंघोळीचे टब होते. त्या काळी कालव्यावर हौसेने फिरणारा माणूस हीच नवलाची गोष्ट. नावाडी त्यांच्याकडे पाहत आणि ते नावाड्यांकडे. निघून दोन महिने होत नाहीत तोच महायुद्ध सुरू झाले. या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९४४ च्या अखेरीस निघाले, ते युद्धाने थकलेल्या लोकांनी फार आवडीने वाचले. त्यातून १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. रोल्ट आणि रॉबर्ट एकमन हे तिचे प्रमुख संस्थापक.

रोल्ट यांची एक युक्ती आम्हांला फार आवडते. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर एका रस्त्याचा उचलता येणारा पूल मोडला आणि त्या जागी न उचलणारा बसवला. नाव जाईना. संसदेत प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर मिळाले, की नाव येणार असल्याची सूचना दिल्यास पूल कधीही उचलला जाईल. उत्तर देणाऱ्याला वाटले असेल, येणार कोण? रोल्ट यांनी लगेच सूचना दिली. १९४७ च्या मे महिन्यात कामगारांना जॅक लावून तो पूल खरोखर वर उचलावा लागला आणि त्याखालून क्रेसी गेली. उपोषण नाही, मोर्चा नाही, फक्त सरकारी उत्तराचा शब्दशः उपयोग. नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रसंग सांगण्यासारखा आहे.

युद्धाच्या काळातले आणखी प्रवासी म्हणजे प्रवासिनी. नावाडी कमी पडले म्हणून १९४२ च्या सुमारास शहरातल्या तरुण मुलींना शिकवून नावांवर पाठवण्यात आले. तिघींकडे दोन नावा असत. पुढची इंजिनाची, मागची तिला दोराने बांधलेली, तिला 'बटी' म्हणत. लंडनहून पन्नासएक टन पोलाद वगैरे घेऊन बर्मिंगहॅम, येताना कॉव्हेंट्रीकडून कोळसा. त्यांच्या बिल्ल्यावर अंतर्गत जलमार्ग या अर्थाची 'आय डब्ल्यू' अशी दोन अक्षरे होती. त्यावरून थट्टेने त्यांना 'आयडल विमेन', म्हणजे रिकामटेकड्या बायका, म्हणू लागले. दिवसाला सोळा-अठरा तास राबणाऱ्यांना हे नाव! त्यांतली एमा स्मिथ १९४३ मध्ये, विसाव्या वर्षी, नावेवर दाखल झाली. तिने १९४८ मध्ये या प्रवासावर कादंबरी लिहिली आणि तिला पारितोषिक मिळाले. मधल्या काळात, १९४६ मध्ये, ती चहाच्या मळ्यांवरच्या माहितीपटासाठी आसामला येऊन गेली होती. तिची पुढची कादंबरी त्या भारतप्रवासातून आली. या मुलींना नावेवरच्या बायकांकडून कामाच्या युक्त्या मिळाल्या, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. नावेवरच्या बायकांनी स्वतः काही लिहिलेले फारच थोडे सापडते. कारण वर आलेच आहे.

१९६२-६३ चा हिवाळा भयंकर होता. कालवे कित्येक आठवडे गोठले, नावा बर्फात अडकून पडल्या, माल रस्त्याने गेला आणि त्यातला बराच परत आला नाही. १९६३ मध्येच सरकारी मंडळाने आपल्या मालवाहू नॅरोबोटी बहुतेक बंद केल्या. दूरवरची शेवटची नियमित फेरी कोळशाची होती, अॅथरस्टोनहून लंडनच्या पश्चिमेला साउथॉल येथील मुरंब्याच्या कारखान्यापर्यंत. तीही १९७० मध्ये थांबली. साउथॉल म्हणजे तेच, जे आज पंजाबी वस्तीमुळे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे.

आजची कालव्यावरची सहल वेगळी आहे. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून एका न्यासाकडे आहेत आणि त्यांवर तीस हजारांहून अधिक नावा आहेत. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे काठाने भराभर चालणारी आजी पुढे निघून जाते. लंडनमध्ये किंग्ज क्रॉसजवळ एका जुन्या डच नावेत पुस्तकांचे दुकान आहे. लिटल व्हेनिस भागात १९८२ पासून एका नावेत कठपुतळ्यांचे नाट्यगृह चालले आहे. कॅनरी व्हार्फ येथे एक चर्चच नावेवर आहे. कोळसा, डिझेल आणि गॅसची टाकी विकत फिरणाऱ्या नावाही भेटतात. आपल्याकडे दारावर सिलिंडर येतो तसाच हा प्रकार, फक्त दारच हलते असते.

आणि पुन्हा नावेवर राहणारी कुटुंबे आली आहेत. काहींनी ती हौस म्हणून निवडली आहे. पण मोठ्या शहरांतले घरभाडे परवडत नाही म्हणून नावेवर गेलेलेही पुष्कळ आहेत. नाव कायमची बांधायची जागा महाग असते आणि मिळतही नाही. अशी जागा नसलेल्या नावेला १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तिने खरोखर प्रवास करत राहिले पाहिजे. यांच्यातही शाळेत जाणारी मुले आहेत. आता शाळा पक्की आहे, तिला पत्ता आहे, मुलाचे नाव हजेरीपटावर आहे, मूल वाचते आणि लिहिते. दर चौदा दिवसांनी हलते ते घर. म्हणून काही आई-बाप सत्र चालू असेपर्यंत नाव शाळेच्या जवळपासच पुढे-मागे नेत राहतात, आणि न्यासाचे अधिकारी नोंदी पाहून त्यांना विचारतात, की एवढे अंतर प्रवास म्हणून धरायचे का.